साइडकारने कुठे जावे : चिखलदऱ्याचे पठार की नवेगावबांधचा तलाव?

साइडकार (बाजूला बसवलेली एका चाकाची बैठक) जोडलेली मोटारसायकल, एक तंबू आणि दोन-तीन दिवसांची सवड असलेल्या नागपूरकरासमोर बहुधा दोनच पर्याय उरतात : पश्चिमेला चिखलदऱ्याचे पठार किंवा पूर्वेला नवेगावबांधचा तलाव. नागपूर दोन खडकांच्या सीमेवर वसलेले आहे. पश्चिमेकडे लाव्हाच्या आडव्या थरांपासून बनलेला काळा बेसाल्ट असल्यामुळे डोंगरांचे माथे सपाट दिसतात. पूर्वेकडे त्याहून पुष्कळ जुना खडक, भाताची बांधी आणि माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांचे ‘मामा तलाव’, आहेत. अमेरिकेतील युटा-ॲरिझोनाच्या वाळवंटातील सपाट माथ्यांच्या डोंगरांची ज्यांना ओढ आहे, त्यांना तो आकार पश्चिमेकडेच सापडेल. मात्र तिथल्या उघड्या, तांबड्या वालुकाश्माच्या जागी इथे सागाच्या जंगलाने झाकलेला काळा दगड असेल.

अमरावती आणि परतवाडा मार्गे चिखलदरा सुमारे सव्वादोनशे किलोमीटर पडते. समृद्धी महामार्गावर दुचाकींना प्रवेश नसल्यामुळे कोंढाळी-तळेगावचा जुना रस्ताच धरावा लागतो. भंडारा-साकोलीवरून नवेगावबांध यापेक्षा बरेच जवळ आहे. साइडकारची मोटारसायकल ताशी पन्नास-साठच्या वेगातच सुखाने चालते, हे लक्षात घेतले तर पहिल्या पर्यायात जाण्याचा दिवस जवळजवळ पूर्ण रस्त्यावरच जातो.

तरीही निर्णय अंतरावर नव्हे, घाटावर करावा, असे माझे मत आहे. साइडकार वळणावर कलत नाही. ती हँडलने, खांद्यांच्या जोरावर वळवावी लागते. आपल्याकडे ती डाव्या बाजूला बसवतात, त्यामुळे वेग वाढवताना गाडी डावीकडे ओढली जाते आणि साइडकारच्या चाकाला स्वतंत्र ब्रेक नसेल तर ब्रेक लावताना ती उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिशेने, सरकते. परतवाड्याहून चढताना येणाऱ्या प्रत्येक डाव्या वळणावर साइडकारचे चाक उचलले जाण्याची शक्यता असते, आणि साइडकार रिकामी असेल तर ती फारच वाढते. म्हणून एकट्याने जाणाऱ्याने पाण्याचे कॅन, स्टोव्ह, तंबू असे सगळे जड सामान साइडकारमध्येच, शक्य तितके खाली ठेवावे. उतरताना सतत ब्रेक दाबून धरण्याऐवजी खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. ज्याने मोकळ्या मैदानावर डावी वळणे घटवलेली नाहीत, त्याने हा घाट पहिल्याच प्रवासात घेऊ नये.

इतके श्रम घेतल्यावर जे मिळते, तेही मोठे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवरचा गारवा, कॉफीची लागवड, खोल दऱ्यांच्या कडा आणि 1803 च्या डिसेंबरात ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या सैन्याने जिंकलेला गाविलगड किल्ला, हे सारे एकाच मुक्कामात पाहता येते.

नवेगावबांधचा रस्ता त्या मानाने सपाट आहे, आणि साइडकार मुळात ज्यासाठी असते ते, म्हणजे वयस्क आई-वडिलांना किंवा लहान मुलाला आरामात बसवून नेणे, तिथेच खऱ्या अर्थाने साधते. कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला हा तलाव आज नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरात येतो आणि हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांसाठी ओळखला जातो. इथला धोका वेगळा आहे : काठावरचा गाळ वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो, आणि तीन चाके दोन निरनिराळ्या चाकोऱ्या पाडत असल्यामुळे रुतलेली साइडकार बाहेर काढणे साध्या मोटारसायकलपेक्षा कितीतरी अवघड जाते. गाडी पक्क्या रस्त्यावर ठेवून पुढे पायी जावे.

तंबूच्या बाबतीत दोन्हीकडे जंगलखात्याचे नियम आड येतात. मेळघाट काय किंवा नवेगाव काय, राखीव जंगलात मनाला येईल तिथे मुक्काम करता येत नाही आणि विस्तव पेटवणे हा गुन्हा आहे. एखाद्या निवासाच्या आवारात परवानगी मिळते का, हे आधीच विचारून ठेवावे. पठारावर माती पातळ असल्याने खुंट्या धरत नाहीत, तेव्हा दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात. तलावाकाठी खुंट्या सहज बसतात, पण पहाटेच्या दवाने कापड निथळते आणि डास असतातच.

पावसाळ्यात चिखलदरा सर्वांत देखणे असले तरी धुके आणि ओला घाट साइडकारला मानवत नाहीत, त्यामुळे तिकडे ऑक्टोबरच्या मध्यानंतर आणि नवेगावबांधला डिसेंबर-जानेवारीत जावे. निघण्यापूर्वी साइडकारची नोंद आरसी बुकात झालेली आहे, याची खात्री करावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेवाचून करता येत नाही.