हँक विल्यम्स ऐकायचाय: आधी स्टुडिओ की रेडिओ?

अमेरिकन कंट्री गायक-गीतकार हँक विल्यम्स ऐकायला घेताना एका मित्राला प्रश्न पडलाय: सुरुवात १९७८च्या '४० ग्रेटेस्ट हिट्स' या स्टुडिओतल्या गाण्यांच्या संचाने करू की १९५१च्या 'मदर्स बेस्ट' रेडिओ कार्यक्रमांनी?

गाणी म्हणाल तर पहिल्या संचाला तोड नाही. 'युअर चीटिन हार्ट'च्या सुरुवातीलाच डॉन हेल्म्सची स्टील गिटार वरच्या पट्टीत अशी रडते, की शब्द यायच्या आधीच सगळं कळतं. ते गाणं सप्टेंबर १९५२चं. १ जानेवारी १९५३ला हँक गेला, अवघ्या २९व्या वर्षी. नंतर रेकॉर्ड कंपनीने त्याच्या अनेक गाण्यांवर वरून व्हायोलिनं चढवली, म्हणून जुन्या एलपी घेताना सांभाळून. या संचात मात्र बहुतेक गाणी मूळ, मोनोच (एकाच ध्वनिवाहिनीतली) आहेत.

रेडिओचा मामला वेगळा. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावरचा सकाळचा १५ मिनिटांचा कार्यक्रम, प्रायोजक 'मदर्स बेस्ट' पीठ. हँक दौऱ्यावर असे, म्हणून बरेच भाग आधीच तबकड्यांवर भरून ठेवलेले. इथे तो गप्पा मारतो, पिठाची जाहिरात करतो, भजनं म्हणतो, 'ऑन टॉप ऑफ ओल्ड स्मोकी'सारखी लोकगीतंही गातो. गळा मोकळा, घाई नाही. माझं मन इथेच जास्त रमतं.

खर्च आणि वेळ, दोन्ही रेडिओलाच जास्त लागतात.

गीतकार हँक समजून घ्यायचा असेल, किंवा एकच संच परवडणार असेल, तर '४० ग्रेटेस्ट हिट्स'. गाणी आधीच पाठ असतील आणि त्यांच्यामागचा माणूस भेटायला हवा असेल, तर 'मदर्स बेस्ट'.