पुराची बॅग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतर

आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठाला. ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्द धरणाची ३३ दारं उघडली तेव्हा पाणी कुठवर चढलं, हे इकडे कुणाला सांगावं लागत नाही. तेव्हापासून आमच्या घरी, पूर आला की उचलून निघायला, एक बॅग भरलेली असते. गेल्या हिवाळ्यात ती नव्याने भरली, आता रोवणी होऊन धान निसवलाय, म्हणून लिहितोय.

हलकं आणि टिकाऊ सामान निवडताना सगळे पाण्याचाच विचार करतात. पण इकडे सामान नासतं ते मे महिन्यात. पारा ४६-४७ वर, आणि टिनाच्या छपराखाली खुंटीला टांगलेली बॅग. जे मे महिन्यातून निघालं ते पुरात टिकतं, हा माझा सरळ हिशेब.

बॅग ६०० डेनिअर (धाग्याच्या जाडीचं माप) पॉलिस्टरची घेतली, ३५ लिटरची, रिकामी एक किलोच्या आतली. नायलॉन जास्त मजबूत हे खरं, पण ते ओलं झालं की थोडं सैल पडतं आणि उन्हालाही पॉलिस्टरपेक्षा लवकर हार मानतं. आतला लेप मात्र बघून घ्या. भावाच्या जुन्या सॅकचा लेप उष्णता आणि दमटपणा खाऊन चिकट झाला, मग पापुद्रे सुटले. कपड्यांना पांढरा भुगा लागायचा. म्हणून बॅगेच्या वॉटरप्रूफपणावर माझा भरवसा नाही. आत तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घातलीय, तीच खरी कामाची. सोबत मिळालेलं रेनकव्हर वाऱ्यात फुगून निघतं, पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच. ते काढून टाकलं.

ताडपत्रीत सगळ्यात जास्त वजन वाचलं. ९ बाय १२ फुटांची म्हणजे साधारण १० चौरस मीटर. २५० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅमची, घेतली तर अडीच किलो, १२० ची सव्वा किलोच्या आत. जाड ताडपत्री तणस झाकायला ठीक आहे. दोन रात्री शाळेच्या व्हरांड्यात आडोसा करायला पातळ पुरते. फक्त कोपऱ्यांच्या कड्या ओढून बघा, फाटायला सुरुवात तिथूनच होते. दोर पॉलिप्रॉपिलीनचा, कारण तो पाण्यावर तरंगतो. उन्हात पडू देऊ नका, तंतू सुटून हाताला टोचायला लागतात.

टॉर्चने त्रास दिला. बाजारातली चार्जिंगची मोठी टॉर्च जड, आणि आतली बॅटरी लेड-ॲसिडची असली तर महिनोन्‌महिने चार्ज न करता पडून राहिली की मरते. तिच्याऐवजी डोक्याला बांधायचा हलका हेडलॅम्प घेतला. एका हातात म्हातारी, दुसऱ्या हातात काठी असली तरी उजेड समोर पडतो. सेल त्यात घालून ठेवले होते, ते उन्हाळ्यात पाझरले आणि पत्र्यावर हिरवट-पांढरी साय धरली. लिंबू चोळून पुसलं, चालू झाला. आता सेल वेगळ्या पिशवीत. पॉवर बँक १०,००० एमएएचची. उन्हाळ्यात ती अर्धी चार्ज करून माठाजवळ ठेवायची, घरात सगळ्यात गार जागा तीच. मृग लागला की पूर्ण चार्ज करून बॅगेत.

वजन वाचवायला गेलो आणि उंदराने धडा दिला, असं एकच ठिकाण: खाऊ. फुटाणे-शेंगदाणे प्लास्टिकच्या डब्यात होते. एका रात्रीत झाकणाची कड कुरतडून मोकळा. आता स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, जड असला तरी. त्यातच पाणी उकळता येतं, म्हणून वेगळं भांडं नाही.

पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्या, पाकिटातल्या. बाटलीतलं द्रव औषध उष्णतेने कमजोर होत जातं, त्यामुळे ते बॅगेत कामाचं नाही. पुराचं पाणी गढूळ असतं. आधी लुगड्याच्या चार घड्यांतून गाळायचं, मग गोळी, मग अर्धा तास थांबायचं. सोबत ओआरएस.

कागदपत्रांचं कुणी सांगत नाही. सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स साध्या पीव्हीसी कव्हरात ठेवल्या होत्या. उन्हात शाई कव्हराला चिकटली. कागद ओढला तर गट नंबर प्लास्टिकवर उलटा उमटलेला. पंचनाम्याच्या वेळी असा कागद कोण घेणार? पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर घ्या, मऊ आणि वास येणारं नको.

गमबूट घेऊ नका. पाणी आत भरलं की पाय उचलत नाही. मागून पट्टा असलेली प्लास्टिकची सँडल बरी.

सगळं मिळून पाण्याशिवाय सहा किलोच्या आसपास. आई आधी म्हणायची, "कायले एवढं भरतं बा?" आता तीच बॅग पाठीला लावून ओटा उतरून दाखवते. पट्ट्यांची शिवण मात्र कंपनीची कच्ची निघाली. आठवडी बाजारातल्या मोच्याकडून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी मारून घेतली; नवी बॅग घेतली की हे काम भरण्याआधीच करून घ्या, भरल्यावर राहूनच जातं.