४-४-२ की ४-३-३? आधी आपले खेळाडू बघा

फुटबॉलचा नवा संघ हाती आला की पहिला वाद फॉर्मेशनवरून, म्हणजे मैदानावर खेळाडू कसे उभे करायचे यावरून होतो. ४-४-२ म्हणजे गोलकीपर सोडून मागे चार बचावपटू, मध्ये चार, पुढे दोन; ४-३-३ म्हणजे मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन. कोल्हापुरातल्या एखाद्या तालमीचा संघ असो की कॉलेजचा, टीव्हीवर मोठे क्लब बघून ४-३-३ चा मोह पडतोच. माझं मत स्पष्ट आहे. सराव आठवड्यातून दोन-तीनदाच होत असेल तर ४-४-२ ने सुरुवात करा. ४-३-३ त्याला लागणारे खेळाडू असतील तरच घ्या.

४-४-२ समजून घ्यायला इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबचा २०१५-१६ चा संघ बघावा. प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरींच्या या संघाने ८१ गुण मिळवून प्रीमियर लीग ही इंग्लंडची सर्वोच्च लीग जिंकली आणि अख्ख्या मोसमात फक्त तीन सामने गमावले. चेंडू बहुतेक वेळ समोरच्या संघाकडेच असायचा. चौघा-चौघांच्या दोन फळ्या एकमेकींना खेटून खाली, आपल्या गोलजवळ, उभ्या राहायच्या, मधले बचावपटू वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हूथ कडेवरून गोलसमोर येणारे क्रॉस परतवून लावायचे. चेंडू हाती लागला की मिडफिल्डर ड्रिंकवॉटरचा लांब पास निघायचा आणि समोरच्या बचावफळीच्या मागच्या मोकळ्या जागेत स्ट्रायकर जेमी वार्डी सुसाट सुटायचा. यात शिकवण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत: फळी मोडायची नाही, शेजारच्यापासून लांब जायचं नाही, चेंडू सरकेल तिकडे सगळ्यांनी मिळून सरकायचं.

या रचनेचं दुखणं मध्यावर आहे. समोर ४-३-३ असेल तर तिथे तुमचे दोन आणि त्यांचे तीन. तिसऱ्याला कोणी अडवत नाही आणि तोच निवांतपणे खेळ चालवतो. लेस्टरने यावर उतारा शोधला होता. शिंजी ओकाझाकी म्हणायला स्ट्रायकर होता, पण चेंडू गेला की मागे उतरून समोरच्या होल्डिंग मिडफिल्डरला, म्हणजे बचावफळीच्या पुढ्यात थांबणाऱ्या मिडफिल्डरला, चिकटायचा. त्यात मिडफिल्डर एन्गोलो कांते दोघांचं काम एकटा करायचा. २०१६ मध्ये कांते चेल्सीला गेला. लेस्टरची रचना बरीचशी तीच राहिली, खेळाडूही बहुतेक तेच, तरी पुढच्या मोसमात संघ बाराव्या स्थानावर आला आणि रानिएरींची फेब्रुवारीतच गच्छंती झाली. कांतेला घेऊन चेल्सी मात्र विजेती ठरली, तीही तीन सेंटर बॅक, म्हणजे मधले बचावपटू, खेळवून.

आता ४-३-३. प्रशिक्षक युर्गन क्लॉपची २०१८-१९ ची लिव्हरपूल घ्या. मधला फॉरवर्ड फिर्मिनो मागे उतरायचा. सेंटर बॅक त्याच्यामागे ओढला गेला की सलाह आणि माने कडेवरून आत घुसायचे. लीगमध्ये दोघांचे प्रत्येकी २२ गोल झाले. ते आत आल्यावर मोकळ्या झालेल्या कडा फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, भरून काढायचे: अलेक्झांडर-आर्नोल्डचे १२ असिस्ट (गोलआधीचा शेवटचा पास), रॉबर्टसनचे ११. सगळे हेच आकडे सांगतात, पण रचना तोलून धरली होती मधल्या तिघांनी. हेंडरसन, वाइनाल्डम, फाबिन्हो. फुलबॅक वर गेला की त्याने सोडलेल्या जागेवर यांच्यापैकी कोणीतरी आधीच पोचलेला असे. हे कष्टाचं काम आहे, त्याला टाळ्या मिळत नाहीत, आणि ते करणारे नसतील तर ४-३-३ मध्ये समोरच्यांच्या पहिल्याच काउंटर अटॅकला, म्हणजे चेंडू हिसकावून केलेल्या झटपट हल्ल्याला, गोल बसतो.

म्हणून निर्णयाआधी दोन गोष्टी पारखा. पाठीवर माणूस असताना चेंडू घेऊन वळू शकेल आणि वर जायचा मोह आवरेल असा होल्डिंग मिडफिल्डर आहे का? आणि फुलबॅकचा दम किती? सराव सामन्याच्या शेवटच्या वीस मिनिटांत चेंडूवरची नजर काढून फक्त फुलबॅककडे बघा. वर गेलेला गडी धावत परत येतोय की चालत, ते लगेच कळेल. चालत येत असेल तर ४-४-२ च बरं, कारण तिथे त्याच्या पुढे एक विंगर, म्हणजे कडेचा मिडफिल्डर, मदतीला असतो.

तिसरा पर्याय ३-५-२ चा. त्यात मध्यावर माणसं भरपूर मिळतात, पण पूर्ण कड, बचाव आणि हल्ला दोन्ही, एकट्या विंगबॅकच्या (कडेच्या खेळाडूच्या) अंगावर पडते. तसे दोन गडी नसतील तर त्या वाटेला जाऊ नका.

४-४-२ घेतलंत तर आणखी एक सराव पहिल्या आठवड्यापासूनच करून घ्या. मध्यावर माणूस कमी पडायला लागला की कोणता स्ट्रायकर खाली येणार आणि कोणाला धरणार, हे नावानिशी ठरवून ठेवा.