कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्टर : इंजिन तापते आणि हीटर गार पडतो तेव्हा

माझ्या गाडीत एकाच आठवड्यात दोन तक्रारी सुरू झाल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे मला प्रथम वाटले नाही. गाडी सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा नेहमीची जागा सोडून वर चढू लागे, आणि नेमका त्याच वेळी केबिनमधला हीटर आधी कोमट व नंतर चक्क गार हवा देई. गाडी पुन्हा वेगाने धावू लागली की काटा खाली येई आणि हीटरही तापे. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे थर्मोस्टॅट (इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलण्यात आला, त्याने काहीच फरक पडला नाही, आणि मग रेडिएटर बदलावा लागेल असे सांगण्यात आले. त्या टप्प्यावर मी काम थांबवले आणि हातपंपावर चालणारा कूलिंग सिस्टिम प्रेशर टेस्टर, म्हणजे कूलंटच्या बंदिस्त मार्गात दाब भरून गळती शोधणारे उपकरण, विकत घेतला. तेव्हापासून तो माझ्या आणि स्नेह्यांच्या गाड्यांवर मिळून सात-आठ वेळा वापरून झाला आहे.

हे उपकरण नेमके कुठे कामी येते हे कळण्यासाठी हीटरकडे आधी पाहावे लागते. हीटर कोअर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला लहानसा रेडिएटरच असतो, आणि बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट बंद असतानाही इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरत राहते. त्यामुळे थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर इंजिन तापते, पण हीटर सहसा उत्तम चालतो. तो उघड्या अवस्थेत अडकला तर हीटर कोमट राहतो, पण इंजिन तापत नाही, उलट त्याला नेहमीचे तापमान गाठायलाच वेळ लागतो. रेडिएटरचा पंखा बंद पडला तर उभ्या गाडीत काटा चढतो, पण हीटरमधून गरम हवा येतच असते. इंजिन तापलेले आणि हीटर गार, अशी जोडी दिसली तर गरम कूलंट हीटरपर्यंत पुरेसे पोहोचत नाही असे समजावे. त्याची मुख्य कारणे मोजकी आहेत : कूलंट कमी झालेले असणे, सिस्टिममध्ये हवा धरलेली असणे, वॉटर पंपाची पाती झिजलेली किंवा दांड्यावर सैल झालेली असणे, आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधले सील) फुटून सिलिंडरमधले वायू कूलंटमध्ये शिरणे. माझ्या गाडीची लक्षणे पहिल्यापासून ही जोडीच दाखवत होती, आणि थर्मोस्टॅट बदलण्यापूर्वी कुणीतरी हीटरविषयी एक प्रश्न विचारायला हवा होता, असे मला आजही वाटते.

संचात हातपंप, त्यावर बसवलेले गोल गेज, एक लवचिक होज, वेगवेगळ्या मापांच्या तोंडांसाठी अडॅप्टर आणि रेडिएटरचे झाकण स्वतंत्रपणे तपासण्यासाठी एक जोडनळी मिळते. तत्त्व सोपे आहे. कूलंट आणि पाणी यांचे निम्मे-निम्मे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते; सिस्टिममध्ये सुमारे १ बार (साधारण हवेच्या दाबाइतका) जास्तीचा दाब असेल तर तोच उत्कलनबिंदू १२५ अंशांच्या पुढे जातो. म्हणजे दाब टिकला नाही तर पुरेसे कूलंट असूनही ते उकळू शकते. टेस्टर हा दाब थंड इंजिनावर, हाताने निर्माण करतो आणि तो किती वेळ टिकतो हे दाखवतो. इंजिन पूर्ण थंड असणे ही अट आहे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते कूलंट अंगावर उसळते, त्यामुळे या बाबतीत घाई अजिबात करू नये.

माझ्या झाकणावर १.१ बार असे लिहिलेले होते, म्हणून मी तेवढाच दाब दिला. झाकणावरच्या आकड्याच्या वर कधीही जाऊ नये, कारण जुना होज किंवा हीटर कोअर त्या जादा दाबाने फुटू शकतो. पंधरा मिनिटांत काटा ०.८ वर आला, पण खाली एक थेंबही पडलेला दिसेना. इथे उपकरणाचा पहिला दोष उघडा पडला. होज आणि गेज यांच्या जोडावर साबणाचे पाणी लावले तेव्हा तिथेच बुडबुडे येऊ लागले, म्हणजे दाब काही अंशी टेस्टरमधूनच निसटत होता. आतली रबरी रिंग वाकडी बसली होती. ती नीट बसवल्यावर मोजणी पुन्हा केली, तर पंधरा मिनिटांत काटा १.१ वरून १.० वर आला. फरक लहान होता, पण तो खरा होता. हे उपकरण घेणाऱ्याने पहिल्या वापराआधीच सगळे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. नाहीतर टेस्टरची गळती गाडीच्या नावावर जमा होते आणि चांगला भाग उगाच बदलला जातो.

त्या लहानशा फरकाचा माग काढायला अर्धा तास लागला. दाब कायम ठेवून बॅटरीच्या उजेडात वॉटर पंपाखाली पाहिले तेव्हा पंपाच्या लहान निचराछिद्राभोवती गुलाबी, वाळलेली पुटे दिसली आणि काही वेळाने तिथे एक थेंब जमला. थेंब इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या आवरणावर पडत होता, म्हणून जमिनीवर डाग पडत नव्हता. गरम इंजिनावर तो सांडायच्या आधीच वाळून जात असणार. आठवडेच्या आठवडे थेंबाथेंबाने कूलंट कमी होत गेले, वरच्या भागात हवा साचली, आणि इंजिन मंद गतीवर असताना पंपाचा जोर त्या हवेला हीटर कोअरमधून पुढे ढकलायला अपुरा पडू लागला. वेग वाढला की पंपही जोरात फिरे आणि म्हणूनच धावत्या गाडीत हीटर तापत असे. दोन्ही तक्रारींचे मूळ असे एका थेंबात सापडले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

यानंतर झाकण तपासले. १.१ बारचा शिक्का असलेले ते झाकण ०.६ बारलाच उघडत होते. पंप बदलून हेच झाकण पुन्हा बसवले असते तर काही दिवसांत तक्रार परत आली असती. केवळ या एका चाचणीसाठी संचातली ती जोडनळी मला सर्वांत मोलाची वाटते.

हेड गॅस्केटविषयी टेस्टर अप्रत्यक्ष संकेत देतो. तो जोडलेला ठेवून थंड इंजिन सुरू केले आणि इंजिन तापण्याआधीच पहिल्या मिनिटात दाब झपाट्याने चढला, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असल्याची शक्यता बरीच असते. या वेळी गेजवरून नजर हटवू नये आणि मर्यादा ओलांडण्याआधी दाब सोडावा. माझ्या गाडीत दाब इंजिनाच्या तापमानाबरोबर हळूहळूच वाढला. खात्री करून घ्यायची असेल तर निळ्या द्रावणाची वेगळी चाचणी असते. पेट्रोल इंजिनात ज्वलनवायू असतील तर ते द्रावण पिवळे पडते. हेड उतरवण्याचा निर्णय या चाचणीशिवाय घेऊ नये.

या उपकरणाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. ते दाब मोजते, प्रवाह मोजत नाही. पंपाची पाती तुटली असली किंवा हीटर कोअर गाळाने तुंबला असला तरी काटा जागचा हलणार नाही. एका स्नेह्याच्या गाडीत तसेच झाले : दाब वीस मिनिटे टिकला आणि हीटर मात्र गारच. तिथे इंजिन तापल्यावर हीटरच्या दोन्ही होजना जपून हात लावून पाहिला. एक गरम आणि दुसरा जवळपास थंड निघाला, म्हणजे कोअर तुंबलेला होता. दोन्ही होज गरम असते तर दोष डॅशबोर्डमधल्या, गरम-गार हवा वळवणाऱ्या झडपेत शोधावा लागला असता. डॅशबोर्डवरच्या काट्यावरही पूर्ण विसंबू नये, कारण कूलंटची पातळी सेन्सरच्या खाली गेली तर इंजिन तापलेले असूनही काटा कमी तापमान दाखवू शकतो.

बांधणीविषयी माझ्या तक्रारी तीन आहेत. गेजची पट्टी २.५ बारपर्यंत असल्याने उपयोगाचा सगळा भाग पहिल्या अर्ध्यात दाटला आहे आणि ०.१ बारचा फरक वाचायला डोळे बारीक करावे लागतात. अडॅप्टरवर क्रमांक आहेत, पण कोणता क्रमांक कोणत्या मापाच्या तोंडाचा हे छापलेले नाही. सोबतच्या पत्रकात झाकणावरचा दाब न ओलांडण्याची सूचनाच नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. पंप मात्र मजबूत आहे, आणि दाब सोडण्याची कळ अंगठ्याला सहज सापडते.

नवा वॉटर पंप आणि नवे झाकण बसवल्यावर गाडीचे तोंड किंचित उंच ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून आणि हवा सोडण्याचा स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी टेस्टर पुन्हा जोडला आणि १.१ बारवरचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. जुना रेडिएटर अजून गाडीतच आहे, आणि सिग्नलला उभे असताना हीटर आता पायांवर गरम हवा सोडतो.