गिअरबॉक्सच्या नावाखाली मला विकलेला झटका

माझ्याकडे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिझेल पिकअप आहे आणि मागे बहुतेक वेळा ट्रेलर असतो, भरलेला असला की साडेतीन टनांच्या आसपास. इंजिन मूळचंच दणकट. पण चढावर मागच्याने हॉर्न दिला की मला चैन पडायची नाही. त्या हॉर्नपायी मी इंजिनची ताकद वाढवून देणाऱ्या एका ट्यूनिंगवाल्याच्या दारात गेलो आणि पुढचं सगळं ओढवून घेतलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्याने काय काय केलं ते सगळं लिहितो.

त्याने इंजिनच्या वायरिंगमध्ये काडेपेटीएवढा एक डबा बसवला. तासाभराचं काम. परत येताना गाडी अशी सुटली की मी एकटाच हसत होतो. हा डबा करतो काय, तर कॉमन रेलमधल्या (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतल्या) डिझेलचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याची खोटी खबर इंजिनच्या कॉम्प्युटरला देतो. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो, जास्त डिझेल जातं, टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवण्याची ताकद, वाढतो. मेख अशी की गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटा तेलाच्या किती दाबाने आवळायच्या, हे इंजिनचा टॉर्क किती आहे या हिशोबावर ठरतं. तो हिशोबच खोटा. टॉर्क वाढलेला आणि प्लेटांची पकड मात्र कंपनीतून आली तेवढीच. हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नाही. मी विचारलं होतं, "गिअरबॉक्सला त्रास नाही ना?" उत्तर आलं, "साहेब, बिनधास्त ओढा."

चार महिने ओढलं. मग एका चढावर वरच्या गिअरमध्ये आरपीएमचा काटा दोन-तीनशेने वर गेला आणि वेग होता तिथेच राहिला, म्हणजे प्लेटा घसरत होत्या. थांबल्यावर जळका वास. त्याच दुकानात गेलो (इथेच माझी दुसरी चूक), तर मालक हसतमुख. म्हणाला, कंपनीचा गिअरबॉक्स या ताकदीला पुरत नाही, आपण 'बिल्ट' करून टाकू, म्हणजे दणकट भाग घालून नव्याने बांधू. यादी भारदस्त होती: तीन डिस्कच्या लॉक-अपचा, घन पोलादातून कातलेल्या कव्हरचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग; लॉक-अप म्हणजे दोघांना थेट जोडणारा त्यातला क्लच), सगळ्या क्लच प्लेटा आणि त्यांच्यामधल्या स्टील प्लेटा नव्या, व्हॉल्व्ह बॉडीत (तेल कुठे, किती दाबाने जायचं ते ठरवणाऱ्या भागात) सुधारणा, मोठा कूलर, शिवाय डॅशबोर्डवर गिअर ऑइलच्या तापमानाचा मीटर. यादी वाचूनच मी गार झालो. बिल वाचून जास्तच.

गाडी हातात आली तेव्हा गिअरबॉक्सचं आवरण चंदेरी रंगाने चकाकत होतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर पडताना मानेला हिसका बसला. मालक शेजारीच बसला होता. "बघा, हा झटका म्हणजे ताकद." मला पटलं. चार जणांना मी तो झटका कौतुकाने दाखवलासुद्धा. आता कळतं की व्हॉल्व्ह बॉडीतलं एक भोक मोठं केलं किंवा एखादी स्प्रिंग बदलली की तेल झटकन भरतं, प्लेटा झटकन आवळतात आणि हिसका बसतो. लवकर आवळणं वाईट नाही, घसरण तेवढी कमी होते. पण आवळल्यावर पकड किती, हे दाबावर, प्लेटांच्या संख्येवर आणि त्यांच्या अस्तरावर अवलंबून असतं. जुन्या, झिजलेल्या प्लेटांनाही झक्कास झटका देता येतो.

खरी हातचलाखी मात्र मीटरमध्ये होती. तो काटा कधी 93 अंश सेल्सिअसच्या वर गेलाच नाही. भर उन्हात, भरलेला ट्रेलर, लांब चढ, तरी 93. मी निर्धास्त. आणि एका दुपारी काटा 93 वर असतानाच केबिनमध्ये तोच वास आला, इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी उभी राहिली. कुठलाही गिअर टाका, चाकं हलेनात.

दुकानाचं उत्तर तयार होतं. बिलाच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: ट्यून केलेल्या किंवा ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला वॉरंटी लागू नाही. ट्यून त्यानेच केलेली, ट्रेलर त्याने डोळ्यांनी पाहिलेला, आणि बिल्ट गिअरबॉक्स त्याच दोन कारणांसाठी विकलेला!

मग एका जुन्या, अबोल मेकॅनिककाकांकडे गाडी नेली. अट एकच घातली, माझ्यासमोर उघडा. त्यांनी आधी तेल पांढऱ्या फडक्यावर ओतलं. लालसर हवं ते काळ्या कॉफीसारखं होतं. पॅनच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट थोडीफार असतेच, ती चालते. इथे प्लेटांच्या अस्तराचा काळा चिखल होता आणि त्यात पितळी चमक. प्लेटांचा एकच संच नवा निघाला, पहिल्यांदा जळालेल्याच्या जागी घातलेला. बाकीचे जुने, आणि स्टील प्लेटांवर तापून उमटलेले निळे डाग. कूलरही जुनाच, नुसता पुसलेला. पहिल्या वेळी जळालेल्या अस्तराचा कचरा त्याच्या नळ्यांत तसाच बसला होता आणि तो तेलाबरोबर या 'नव्या' गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हमध्ये येत राहिला. काका म्हणाले, "आंघोळ घालून मळकेच कपडे चढवले."

टॉर्क कन्व्हर्टर वेल्डिंगने बंद असतो, त्यामुळे आत काय आहे ते बाहेरून कळत नाही. काकांनी तो लेथवर लावून शिवण कापली. आत तीन डिस्क नव्हत्या. एकच होती आणि तिचं अस्तर धातूपर्यंत गेलेलं. कव्हर पत्रा दाबून केलेलं, कंपनीचंच. वरचा रंग तेवढा नवा.

मीटरचं कोडं काकांना एका नजरेत सुटलं. सेन्सर पॅनमध्ये बसवला होता. कूलरमधून निवून आलेलं तेल पॅनमध्ये मिसळतं, त्यामुळे तिथला आकडा नेहमीच सोज्वळ. तेल तापतं ते कन्व्हर्टरमध्ये, विशेषतः चढावर लॉक-अप सुटलेला असताना, कारण तेव्हा इंजिन आणि चाकं यांच्यात नुसतं तेल घुसळत असतं. गिअरबॉक्स नीट बांधून झाल्यावर काकांनी दुसरा सेन्सर कन्व्हर्टरमधून कूलरकडे जाणाऱ्या नळीत घातला. त्याच चढावर, त्याच ट्रेलरसह पॅन 91 दाखवत होता आणि ही नळी 138. माझ्याकडून कोणीतरी हे 47 अंश लपवून ठेवले होते. 80 ते 95 अंशांत हे तेल सुखाने नांदतं. त्यापुढे दर दहाएक अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा मेकॅनिक लोकांचा ढोबळ हिशोब आहे. फारच तापलं की सील कडक होतात आणि प्लेटांचं अस्तर करपतं.

सगळे तुकडे गोणीत भरून मी त्या मालकासमोर ओतले. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. "हे आमचं कशावरून?" आणि खरंच, माझ्याकडे काय होतं? ना कन्व्हर्टरवरच्या नंबराची नोंद, ना प्लेटा बसवतानाचा एखादा फोटो, ना जुने काढलेले भाग. जुने भाग परत मागायचेही मला सुचलं नव्हतं. काकांनी मात्र न मागता कन्व्हर्टरचा नंबर बिलावर लिहिला, प्रत्येक संचाचा फोटो पाठवला, कूलर नवा घातला, आणि वॉरंटीच्या कागदावर ट्रेलरचं वजन व इंजिनची ट्यून या दोन्ही गोष्टी स्वतःच्या अक्षरात लिहून सही केली. तो काडेपेटीचा डबाही काढला. आता इंजिन आणि गिअरबॉक्स या दोघांच्याही कॉम्प्युटरला खरा टॉर्क कळेल असा मॅप (इंजिन चालवायचा प्रोग्राम) टाकलाय, ताकद आधीपेक्षा कमी ठेवून. गिअर आता झटका न देता पडतात. सुरुवातीला मला ते कमजोर वाटायचं, हेही कबूल करतो.

चढावर नळीचा आकडा 120 च्या पुढे सरकला की टो मोड (ओझं ओढण्यासाठीची सेटिंग) चालू करून एक गिअर खाली घेतो. आरपीएम चढतात, लॉक-अप बसतो आणि दोन-तीन मिनिटांत काटा शंभराकडे उतरायला लागतो. मागचा हॉर्न वाजवतच असतो.