पोल सॉ : नऊ महिने वापरल्यावर, मुख्यतः तेलाबद्दल

पोल सॉ म्हणजे लांब दांडीच्या टोकाला बसवलेली, बॅटरीवर चालणारी चेनची करवत. ऑक्टोबरमध्ये घेतला, जुलैमध्ये लिहितोय. 8 इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी), तीन मीटरच्या आसपास लांबणारी अ‍ॅल्युमिनियमची दांडी, दोन बॅटऱ्या. नऊ हजारांच्या आत मिळाला. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझी तक्रार या भावातल्या बऱ्याच मशीनना लागू पडेल : चेनला आपोआप तेल सोडणारा पंप नाही. बॉक्समध्ये एक छोटी बाटली येते आणि तेल आपण हातानं सोडायचं.

तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. पूर्वेच्या बांधावर एक कडुनिंब, दोन बाभळी आणि आजोबांच्या वेळचा रायवळ आंबा. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे जुन्या काड्या अगदी आखूड छाटल्यावर, नव्या काडीत घड तयार व्हायला भरपूर ऊन लागतं. बांधालगतच्या तीन ओळींवर सकाळी दहापर्यंत सावली, त्यामुळं दरवर्षी तिथं वांझ काड्याच जास्त. झाडावर चढणारा गडी आता मिळत नाही. तीन वर्षांपूर्वी चुलते शिडीवरून पडले ते अजून नीट वाकू शकत नाहीत. तेव्हापासून आमच्या घरात कोयता घेऊन झाडावर चढायचं बंद आहे. मशीन घेतलं ते यासाठी.

पहिले चार महिने मी खूश होतो. मनगटाएवढी फांदी मिनिटाभरात खाली. त्याच दिवसांत एक गोष्ट अंगावर येता येता राहिली, ती सविस्तर सांगतो, कारण दुकानदार हे सांगत नाही. कडुनिंबाची एक आडवी फांदी मी वरून सरळ कापायला घेतली. अर्ध्याच्या पुढं गेल्यावर ती स्वतःच्या वजनानं खचली, साल खोडापर्यंत सोलत गेली, शेंडा आधी जमिनीवर टेकला आणि बुंध्याकडचं टोक दांडीवरून घसरत सरळ माझ्याकडं आलं. मी बाजूला होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून लांब फांदी एका दमात कापत नाही. आधी शेंड्याकडचे तुकडे. मग खोडापासून वीतभर लांब, खालच्या बाजूनं तिसरा हिस्सा काप, त्याच्या जरा पुढं वरून काप. उरलेला खुंट शेवटी, फांदीच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तो राखून. दांडी कधीही डोक्यावर उभी धरायची नाही, तिरकी धरायची, आणि पळायची वाट आधी मोकळी करून ठेवायची. बारचं टोक दुसऱ्या फांदीला टेकलं तरी दांडी झटका देते. हेल्मेट आणि गॉगल तर हवाच, मान वर असताना भुसा थेट डोळ्यांत येतो.

आता तेल. चार-पाच काप झाले की दांडी खाली घ्या, बॅटरी काढा, चेनवर तेल सोडा, बॅटरी लावा, परत वर. सकाळच्या कामात हे पंधरा-वीस वेळा. पुस्तिकेत एवढंच लिहिलंय की वापरण्यापूर्वी तेल घालावं. किती कापांनी, कुठलं, काही नाही. पंपाला कंपनीला असा किती खर्च आला असता? ट्रॅक्टरचं काढलेलं जुनं ऑइल घाल, असं चौघांनी सांगितलं. घालू नका. त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो बार खातो. चेनचं तेल मुद्दाम चिकट केलेलं असतं, त्यामुळं ते फिरत्या चेनवरून उडून जात नाही. तासगावात मिळालं नाही म्हणून सांगलीला गणपती पेठेत जाऊन आणलं. एका लिटरला वर्ष जाईल.

एप्रिलच्या मध्यावर, नेमक्या उन्हाच्या दिवसांत, मशीन बंद पडलं. जळका वास आला, चेन जाम, बार निळसर पडलेला. सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला नेलं तर न उघडताच उत्तर मिळालं, 'तेल घातलेलं नाही, वॉरंटीत बसत नाही.' निम्मी संपलेली बाटली आणि बिल दोन्ही खिशात होतं. माझ्यासमोर उघडा म्हटलं, तर साहेब नाहीत. दोन खेपा मारल्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर उघडलं. अकरा दिवस गेले. बागेला ते दिवस परत मिळत नाहीत, हे काउंटरवरच्या माणसाला समजावून सांगायची माझी इच्छाही उरली नव्हती.

पण उघडल्यावर जे दिसलं त्यानं माझं मत थोडं बदललं, तेही लिहायला हवं. मेकॅनिकनं चेनचा एकेक दात दाखवला. सगळे बोथट. बाभळीच्या खोडात जुन्या कुंपणाची तार गेली होती, तिच्यावर मी चेन घातली होती आणि तशीच पुढं महिनाभर चालवली होती. बॅटरी लवकर उतरते म्हणून मी बॅटरीला दोष देत होतो. खूण साधी आहे : धारदार चेन जाडसर कीस पाडते, बोथट चेन पिठासारखा भुसा. पीठ दिसायला लागलं की थांबायचं. माझ्या चेनला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, प्रत्येक दाताला सारखे दोन-तीन हात, एकाच दिशेनं. ताणही बघायचा. बॅटरी काढून, हातमोजा घालून चेन ओढली तर ती थोडी उचलली जावी, पण खाचेतून बाहेर पडू नये. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासातच सैल होते.

बॅटरीवर 21 व्होल्ट लिहिलंय. आत पाच सेल असतात, पूर्ण भरल्यावर प्रत्येकी 4.2 म्हणून 21, चालताना 3.6 च्या हिशेबानं 18. म्हणजे 18, 20 आणि 21 हे एकाच तऱ्हेच्या बॅटरीचे आकडे, त्यांच्यातल्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

आणि तार. आमच्या बांधाच्या दक्षिण टोकावरून 11 केव्हीची (उच्च दाबाची) विजेची लाइन जाते. आंब्याची एक फांदी तिच्याकडं झुकलीय. दांडी अ‍ॅल्युमिनियमची, फांदी ओली. पुस्तिकेत तारेपासून 10 मीटर लांब राहा म्हटलंय. शेतीची लाइट पाळीनं येते म्हणून 'आत्ता लाइट नाही, उरकून घे' असं शेजारी म्हणाले. मी हात लावला नाही. पाळी कधी बदलेल, कोणाचा जनरेटर उलटा वीज सोडेल, याची खात्री कोण देणार? लाइनमनला सांगून, लाइन बंद करून घेऊन, त्याच्या माणसांकडूनच ती काढून घेणार आहे. तोवर झुकू दे.

जूनमध्ये आंबे उतरल्यावर बाकीचा आंबा मोकळा केला. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या हिशेबानं बोर्डो पेस्ट करून, बुरशी लागू नये म्हणून कापांवर लावली, द्राक्षामुळं सामान घरात होतंच. त्या वेळी तेलासाठी दांडी खाली घेताना जाणवलं की मान आणि खांदे तेवढ्यात मोकळे होतात, आणि खालून झाडाकडं बघताना पुढची फांदी कुठं पडेल ते नीट दिसतं. तीन मीटर लांबवलेलं मशीन दहा मिनिटांत हाताला दुप्पट जड लागतं. तेव्हा थांबणं वाईट नाही. पण ते मी ठरवीन, तेलानं का ठरवावं? घेणार असाल तर हजार-दीड हजार जास्त गेले तरी तेलाची टाकी आणि पंप असलेलं घ्या. सोबत जादा चेन आणि कानस त्याच दिवशी घ्या, आणि बिल जपून ठेवा. चुलत्यांनी माझं मशीन पुढच्या आठवड्यात मागितलंय, त्यांच्या चिंचेसाठी. मशीन घेऊन मी स्वतः जाणार आहे, ते फक्त खाली बसून कुठली फांदी ते सांगतील.