अक्रोडाचा दस्ता दिला, रंगवलेला परत आला

पुण्यात बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर मुलं एअर रायफल खेळत असतील, तर पालकांनी हे वाचावं.

पुतणीसाठी आम्ही जुनी जर्मन रायफल घेतली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, अक्रोडाचा, पण थोराड माणसाच्या मापाचा. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर तिला लांब पडायचं आणि गाल टेकवला की डोळा साइटच्या खाली राहायचा. मागून थोडं कापायचं, गालाखाली उंची वाढवायची, एवढंच काम. रेंजबाहेर भेटलेल्या एका गृहस्थांनी ‘काका, मापात बसवून देतो’ म्हणत ते अंगावर घेतलं. भवानी पेठेत वर्कशॉप आहे म्हणाले. ते वर्कशॉप आजवर कुणालाच सापडलेलं नाही.

खरा कारागीर नेमबाजाला जॅकेट घालून पोझिशनमध्ये उभं करतो. ते जाड जॅकेट अंगात असलं की टी-शर्टवर घेतलेलं माप लांबच पडतं. शिवाय तो बेतापेक्षा जरा जास्तच कापतो आणि बटप्लेटखाली (दस्त्याच्या टोकाला खांद्याशी टेकणाऱ्या पट्टीखाली) पट्ट्या घालून नेमकं माप जुळवतो, म्हणजे मूल उंच झालं की पट्टी वाढवता येते. या गृहस्थांनी पुतणीला पाहिलंसुद्धा नाही. उंची विचारली, तीही फोनवर!

परत आला तो दस्ता चकचकीत, गडद आणि हाताला हलका. बटप्लेट काढली तर आत पांढरट लाकूड, वर रंग, चीकपीसखाली (गाल टेकवायच्या भागाखाली) पुट्टी भरलेली. ॲक्शन (गोळी झाडणारी यंत्रणा) आणि नळी आम्ही घरीच ठेवली होती, त्यामुळे त्याने नुसत्या दस्त्यावरून नक्कल उतरवली असणार. ॲक्शन बसते ती खाच इतकी ढिली की स्क्रू आवळूनही नळी हलते. दहा मीटरवरच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ ०.५ मिलिमीटरचं असतं. तिथे ही रायफल म्हणजे जत्रेत फुगे फोडायची बंदूक. कापलेला तुकडा मागितला, तर ‘कचऱ्यात गेला’. त्यानंतर फोन बंद. बिल नाही, आणि यूपीआयचे पैसे भलत्याच नावावर.

दस्ता देण्याआधी लाकडाच्या रेषांचे फोटो काढा, वजन करा, खाचेच्या आत खूण करा. कापलेला तुकडा परत मिळेल आणि लाकूड कोणतं आहे, हे पावतीवर लिहून घ्या. परवान्याची बंदूक असेल तर सुताराकडे नेऊच नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्ती करणाऱ्याकडेही परवाना लागतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि आमचं घोडं तिथेच अडलंय. पोलिसांत अर्ज दिला आहे.

मूळ दस्त्यावर ट्रिगर गार्डच्या डावीकडे बोटभर लांबीचा वाकडा ओरखडा आहे. कुणी विकायला आणला, तर आधी आम्हाला कळवा.